काचेवरचं धुकं

आज पहाटे घाटात गाडीची काच आतून धुरकटली आणि सवयीनं माझा हात पदराकडे गेला. काचेवर गरम वारा सोडणारी मोटर बंद पडल्यापासून काच पुसायचं काम माझंच. वळणावर पुढचं दिसेनासं झालं, की हे गाडी पार हळू करायचे.

काल ह्यांनी घराच्या दारातच नवी मोटर बसवायला घेतली. एक स्क्रू पार आत होता, ह्यांचा पंजा तिथं जाईना.

"मी बघू?" मी हळूच विचारलं.

"बांगड्या फुटतील तुझ्या."

"फुटू देत."

कासारापुढे धरते तसा अंगठा तळव्यात दुमडला, हात सैल सोडला, आणि गेला की आत! स्क्रू मी काढला, नवी मोटर लागल्यावर मीच परत आवळला. अरुंद जागेत जोर चालत नाही, अंग चोरावं लागतं. मी तर जन्मभर अंग चोरूनच वागले. ते असं कामी येईल, वाटलं नव्हतं.

आज ह्यांनी बटण फिरवलं. काच खालून वर उजळत गेली आणि पुढचं वळण लख्ख दिसलं.

"आई, ही हिची करामत बरं का," हे मागे बसलेल्या सासूबाईंना म्हणाले. काच पुसायला धरलेला पदर मी लाजून तोंडावर ओढला.

"मग तोंड कशाला लपवतीय?"

मी तोंडावरचा पदर काढला आणि समोर रस्त्याकडे बघत राहिले.