ढिम्म चेहऱ्याचं आभारप्रदर्शन

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत आभारप्रदर्शन माझ्याकडे असतं. इतरत्र आभार सुरू झाले की लोक चपला शोधायला उठतात. आमच्याकडे बसून राहतात. कारण मी चेहऱ्यावरची रेषही न हलवता प्रमुख पाहुण्यांची सालटी काढतो. एका उद्घाटकांना मी म्हणालो होतो, "आपण आलात, आणि मुख्य म्हणजे आता निघणार आहात, याबद्दल सोसायटी ऋणी आहे." त्यांनी नम्रपणे मान तुकवली.

गेल्या वर्षभरात लोक म्हणू लागले, की मी आणखीच तयार झालोय. "काका, हल्ली तर डोळ्याचं पातंसुद्धा लवत नाही तुमच्या. कमाल!" मलाही बरं वाटायचं. दाढी करताना आरशातला माणूस जरा जास्तच गंभीर दिसे, पण ती मी वैचारिक खोली समजलो.

मग चालताना उजवा हात हलेनासा झाला आणि बायकोने मला न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. डॉक्टरांनी समजावलं. मेंदूत खोलवर एक काळसर भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हात हलवायचा, हसायचं, हे त्याच्या जोरावर सहज होतं. पार्किन्सनमध्ये त्या पेशी मरत जातात, आणि हात अडखळू लागेपर्यंत बऱ्याचशा गेलेल्याही असतात.

"आणि हे सारखं उदास वाटतं ते?" मी विचारलं.

"तेही बऱ्याचदा मेंदूतल्या रसायनांमुळेच."

म्हणजे दुःखसुद्धा माझं स्वतःचं नव्हतं. आणि लोक जिला माझी शैली म्हणत होते, ती नेमकी कधीपासून शैली राहिली नव्हती? हे मी विचारलं नाही. त्यांनाही सांगता आलं नसतं.

गोळ्यांनी हात थोडा मोकळा झाला. चेहरा नाही झाला. बायको मात्र निश्चिंत होती. "मला कळतं हो तुमच्या मनातलं. त्यासाठी तोंड बघावं लागत नाही मला," म्हणायची. त्या वाक्यावर माझे दिवस जात होते.

यंदाच्या गणपतीत ठरवलं, एकदा सरळ सांगून टाकायचं. पाहुण्यांनी आपण किती साधे आहोत हे भरपूर वेळ घेऊन सांगितलं, शाल-श्रीफळ घेतलं, आणि मी माइकपाशी गेलो.

"हे माझं शेवटचं आभारप्रदर्शन. मला पार्किन्सन झालाय. माझा चेहरा हलत नाही, म्हणून तुम्हाला मी विनोदी वाटतो."

मंडपात हशा फुटला. पाहुणे तर रुमालाने डोळे पुसत होते. "मी थट्टा करत नाहीये," म्हणालो, तर टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" मी खाली उतरलो.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. बायकोच्या हातात प्रसादाचा द्रोण होता. मी म्हणालो, "मला फार भीती वाटते गं."

ती हसली. सवयीने, पटकन. मग एकदम थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. आधी डोळ्यांकडे, मग ओठांकडे, पुन्हा डोळ्यांकडे.

"अहो," ती हळूच म्हणाली, "खरंच म्हणताय ना?"

"हो," मी म्हणालो.

ती अजून बघतच होती.