पाना उलटा धरलाय

मंडळी, दोन वर्षांनी का होईना, आज माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मला पडद्यावर बघितलं!

नव्या लोकांसाठी सांगतो. मी एका वेब सिरीजमध्ये मेकॅनिकचं काम केलंय. एकच सीन, दोन वाक्यं. पण ती ज्या ॲपवर होती, ते आमच्या वडवणीत कुणाकडंच नव्हतं. "सांग की बे, कुठं दिसतोस तू?" म्हणून मित्रांनी लई पिडलं. अण्णांचं स्वतःचं गॅरेज आहे, पण त्यांनी कधी विचारलंसुद्धा नाही. तेच जास्त लागायचं.

आता त्या ॲपवाल्या कंपनीनं आपली सिरीज दुसऱ्या ॲपलाही दिलीय. चक्क वैऱ्याला! आणि ते ॲप आमच्याकडं रिचार्जसोबत फुकट येतं. त्यांचं आपसात काय ठरलं देव जाणे, माझं भलं झालं.

दुपारी गॅरेजात अण्णांच्याच मोबाइलवर सीन लावला. त्यांनी हात पुसून मोबाइल घेतला. एकदा बघितलं. मागं घेऊन परत बघितलं. मग चष्मा काढून म्हणाले, "पाना उलटा धरलाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेकॅनिकच्या पोरानं नेमकं हेच चुकवावं?

तेवढ्यात त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि सरळ करून दाखवला. "असा धरायचा असतो. पुढच्या बारीला शूटिंगच्या आधी मला फोन लाव."

पुढच्या बारीला! मंडळी, परत काम मिळायची आशा मी कवाच सोडली होती.

तुमच्या घरी शाबासकी कशी देतेत?