आमच्या घरचं पोटॅशियम

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांच्या रक्तात काय काय असतं याची चौकशी करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. काशीत जन्मभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेला माणूस. रक्तात व्याकरण असेल असं मी धरून चालले होते. निघालं पोटॅशियम, आणि तेही नको तेवढं. मूत्रपिंडं थकल्यामुळे ते बाहेर पडेना. "ज़्यादा बढ़ा तो दिल रुक सकता है, माताजी," असं आमच्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. यांना फक्त पुड्या दिल्या. पुडीतली पूड पाण्यातून घ्यायची. ती पोटातलं पोटॅशियम धरते आणि शौचावाटे बाहेर नेते.

पथ्य मात्र माझ्या गळ्यात पडलं. केळं, बटाटा, रताळं, खजूर, शहाळं बंद, म्हणजे एकादशीचं अख्खं ताटच बंद. भाज्या चिरून भिजवायच्या, उकडायच्या, पाणी फेकायचं आणि उरलेल्या चोथ्याला फोडणी द्यायची. हे ते जेवायचे. जे काय बोलायचं ते ताटाकडे बघून बोलायचे.

तरी पोटॅशियम उतरेना. उलट चढलं. डॉक्टरांनी आधी रिपोर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माताजी, आप चुपके से कुछ खिला तो नहीं रहीं?" मी! बटाटा घरात येऊ नये म्हणून मी आमच्या दूधविनायक गल्लीतल्या भाजीवाल्याशी बोलणं टाकलं होतं. हे शेजारीच बसले होते. माझ्या बाजूने एक शब्द काढला असेल तर शपथ. पुढच्या वेळी उतरलं नाही तर भरती करावं लागेल, डायलिसिसचंही बघावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. येताना रिक्षात मी यांच्याशी भांडले नाही, यावरूनच मी किती घाबरले होते ते समजावं.

दुसऱ्या दिवशी यांच्या औषधाच्या वेळी मी मुद्दाम देवघरात जाऊन बसले. पूजा झाली की हे तिथेच औषध घेत आणि भांडंही स्वतःच धुऊन ठेवत. एवढा शिस्तीचा रोगी म्हणून मी गल्लीभर कौतुक सांगत असे. यांनी पुडी फोडली, फुलपात्रातल्या पाण्यात ढवळली, वर ताटली झाकली आणि जप करत बसले. जप झाल्यावर वरचं निवळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलं, डोळे मिटून प्यायले, आणि तळाशी बसलेली पूड तुळशीत टाकायला उठले.

"अहो, औषध ओतताय!"

"औषध घेतलं की आत्ता. ही गाद आहे, खालचा गाळ. गाद कोण पितो?"

जन्मभर गंगेचं पाणी असंच प्यायलेला माणूस. पुराच्या दिवसांत घाटावरून आणलेल्या कळशीत तुरटी फिरवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ घ्यायचं, उरलेलं झाडाला. सून म्हणून आले तेव्हा मीही हेच शिकले. ही पूड विरघळत नाही, ढवळून तशीच्या तशी प्यायची असते, हे यांना सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं. इतके दिवस हे नेमाने पाणी पीत होते आणि औषध तुळस घेत होती. मी आधी संतापले, मग हसत सुटले.

त्या दिवसापासून ढवळायचं काम माझं. भांड्याचा तळ दिसेपर्यंत मी समोरून हलत नसे. "बालू खातोय मी, नुसती वाळू," हे कुरकुरायचे. "खा," मी म्हणायची.

पुढचा रिपोर्ट डॉक्टरांनी दोनदा वाचला. पोटॅशियम उतरलं होतं, भरती करायची गरज नव्हती. "देखिए माताजी, आपने परहेज़ ठीक से कराया तो कितना फ़र्क पड़ा!"

आता तरी खरं सांगतील म्हणून मी यांच्याकडे पाहिलं. यांनी गंभीरपणे मान हलवली. "हाँ, अब सुनती हैं।"

दोघांनाही चांगलं सुनावायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण हे माझ्या शेजारी बसले होते, माझ्याबरोबर घरी परत येणार होते, आणि मला एकदम रडूच फुटलं. डॉक्टर गडबडले. पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवत हळूच म्हणाले, "कोई बात नहीं, माताजी। ग़लती सबसे होती है।"