एका कार्डाला नकार

सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका कॉलेजात संगणक आला. मी संगणक विभागाचा प्रमुख होतो. कार्डांना भोकं पाडून यंत्राला सूचना द्याव्या लागत. ते काम करणारे गृहस्थ तासगावकडचे ख्रिस्ती होते. जेवणाचा डबा उघडण्याआधी ते डोळे मिटत, तसेच कार्डांचा गठ्ठा यंत्रात घालण्याआधीही.

शिपाई चेष्टा करायचा, "मामा, मशीनला बी येशू लागतो व्हय?"

"त्याला न्हाई रं, मला लागतो. चुका माझ्याच हातनं हुत्यात."

एकदा कॉलेजात येणाऱ्या पाहुण्यांना हे 'विचार करणारं' यंत्र दाखवायचं होतं. 'देव आहे का?' असं विचारायचं आणि त्यानं 'नाही' छापायचं, ही माझी कल्पना. मी त्या गृहस्थांना तसं कार्ड करायला सांगितलं.

"हे न्हाई करनार, सर."

"का? बोलणार यंत्र, तुम्ही नाही."

"त्याला काय ठावं? देव न्हाई असं तुमाला वाटतंय, तर तुमी तुमच्या तोंडानं म्हणा. मी भांडायचा न्हाई. पर मशीनच्या आड लपू नगा."

हे सगळ्या विभागासमोर झालं. 'कामास नकार' असा अहवाल मी लिहिला. त्यांनी तो उभ्यानंच वाचला आणि सहीच्या वर एक ओळ घातली: 'फक्त या एका कार्डास नकार. बाकी सर्व कामे केली.'

ती ओळ खरी होती. ती गाळून मी अहवाल पुन्हा टाइप केला आणि त्यांच्या सहीविना प्राचार्यांकडे पाठवला. त्यांची नोकरी गेली.

कार्ड शेवटी मीच केलं, आणि पाहुण्यांना म्हणालो, "बघा, यंत्र काय म्हणतंय."