रक्तात न सापडलेली गाठ

मास्तर पस्तीस वर्षं शिवणकाम करत होते. गिऱ्हाईक पायरी चढतानाच ते त्याच्या खांद्यांचा अंदाज घ्यायचे. साठी ओलांडल्यावर लघवीला वारंवार उठावं लागू लागलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्रोस्टेटचा आकडा नॉर्मल आला. "वयाचं आहे," ते म्हणाले. मास्तरांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी पाच महिने दुखणं अंगावर काढलं.

एका सकाळी लघवी पार अडली. मोठ्या दवाखान्यात नळी घातली. डॉक्टरीणबाईंनी बोटाने तपासलं, तर गाठ दगडासारखी लागली. सुईने तिचे तुकडे काढले. तपासणाऱ्यांनी ते आणखी एका तज्ज्ञाला दाखवले, तेव्हा कुठे निदान पक्कं झालं.

"पण रक्त चांगलं होतं ना?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"प्रोस्टेटच्या कॅन्सरचा हा प्रकार क्वचितच दिसतो. रक्तातला आकडा वाढू देत नाही, स्वतः मात्र झपाट्याने वाढतो. ऑपरेशनने भागणार नाही, केमो द्यावी लागेल."

"गाठ जाईल?"

"लहान होईल," बाई म्हणाल्या. "किती दिवस लहान राहील, ते नाही सांगता येत."

गाठ निम्म्याने आटली, पण औषधाने बोटं बधिर झाली. मास्तर पांढऱ्या शर्टाला बटण लावत असताना बायको हळूच म्हणाली, "अहो, हात." कापडावर रक्ताचे ठिपके पडले होते. सुई टोचल्याचं मास्तरांना कळलंच नव्हतं. त्यांनी मशीन झाकून टाकलं.

चौथ्या महिन्यात यकृतात गाठी दिसल्या. समोरच्या दुकानातल्या शिंप्याशी मास्तरांचा अकरा वर्षं अबोला होता.

"त्याला बोलाव," ते बायकोला म्हणाले.

"त्याला?"

"कॉलर त्याच्यासारखी कुणी बसवत नाही. तोंडावर कधी म्हटलं नाही, एवढंच."

तो आला, स्टुलाच्या कडेवर टेकला. मास्तरांनी शिवायचं राहिलेलं एकेक कापड त्याच्या हाती दिलं. कुणाचा खांदा उतरता, कुणाला सैल म्हणत घट्टच हवं असतं, सगळं सांगितलं.

"मी कापून ठेवतो," तो म्हणाला. "बरे झालात की तुम्हीच शिवा."

"खोटं बोलणं तुला कधी जमलंच नाही," मास्तर हसले.

मग तो रोज दुपारी येऊ लागला. मास्तरांना बोलायचं त्राण उरलं नाही, तेव्हाही उशाशी बसून राहायचा. मास्तर गेले ते तो बसलेला असतानाच. त्याने त्यांचे डोळे मिटले आणि वहिनींना सांगायला उठला. पण स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.