आमच्या बेदाण्याचे डोमेन दुसऱ्याच्या नावावर

सर्व मंडळींना नमस्कार. आज सकाळी मी कवठे महांकाळहून विश्रामबागला साडूंच्या मुलाकडे गेलो होतो. आमच्या बेदाण्याच्या संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, त्यानेच नोंदवून दिले होते. ते मला खात्रीच्या कंपनीकडे हलवायचे होते.

तो हसून म्हणाला, "आवं काका, नोंद माझ्या नावावर हाय. तुमी चौथी शिकलेलं, तुमाला काय करायचं त्यातलं?"

घरचा माणूस म्हणून मी कागद पाहिला नव्हता. सातबाऱ्यावरील नाव मात्र मी दरवर्षी जातीने तपासतो. बेदाण्याच्या प्रत्येक खोक्यावर संकेतस्थळाचा तोच पत्ता छापलेला आहे. त्याने तो दुसऱ्यास दिल्यास आमचे गिऱ्हाईक तिकडे जाईल.

विश्वासू नोंदणी कंपनी कशी पारखावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आणि आपल्या डोमेनची नोंद कोणाच्या नावावर आहे, हे आपण स्वतः पाहिले आहे काय?