वाढत्या अंगाचा टर्बो

मोरेश्वर कान्हेरे अठरा वर्षं ह्यूस्टनजवळच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर तपासत होते. म्हणजे हवा मोजत होते: किती आली, केवढ्या वेगाने आली, कुठे अडली. हवा निदान खोटं बोलत नाही, असं ते म्हणत. माणसं सल्ला विचारतात आणि मग मनातलंच करतात, हे त्यांना ते राहत त्या शुगर लँड उपनगराच्या मराठी मंडळाने शिकवलं होतं.

२००६च्या ऑगस्टमध्ये हा धडा अमितने पुन्हा गिरवून घेतला. अमित गल्लीतलाच, मूळचा नागपूरचा, कामाने सॉफ्टवेअरवाला. त्याने हौसेने जुना डिझेल पिकअप घेतला आणि महिन्याभरात त्याच्या टर्बोचं कवच तडकलं. शनिवारी याच पिकअपला ट्रेलर जोडून नाटकाचा सेट डॅलसच्या स्पर्धेला न्यायचा होता. मुख्य भूमिका रत्नाची, मोरेश्वरांच्या बायकोची. बावन्नाव्या वर्षी मिळालेली पहिलीच. सहा महिने ती भाजी परततानाही संवाद म्हणत होती.

गुरुवारी अमितने पिकअपचं हूड उघडून बसवलेलं नवं कवच दाखवलं. गोगलगाईच्या शंखासारखं, बिडाचं.

"केवढं हे?"

"दोन साइझ मोठं घेतलं काका. वाढत्या अंगाचं! पुढेमागे पॉवर वाढवली तर पुन्हा घ्यायला नको."

मोरेश्वरांनी कपाळ धरलं. शाळेचे बूट असेच घेतले जात. पुढे कापूस कोंबून, टाचा फरफटत त्यांनी अख्खी पाचवी काढली होती.

"अरे, इंजिन काय पुढच्या वर्षी सहावीत जाणार आहे?"

"पण मोठं म्हणजे जास्त हवा ना यार... सॉरी, काका?"

"बागेच्या पाइपावर अंगठा दाबलास की पाणी लांब का जातं? वाट अरुंद होते म्हणून. इंजिनचा धूर या शंखातून वळतो, आतलं चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. वाट अरुंद, तर चाक लवकर जागं होतं. अतिच अरुंद, तर इंजिन जोरात पळताना धूर तुंबतो. आणि तू केलीस तशी ऐसपैस केली की धूर रमतगमत जातो, चाक झोपून राहतं. हवा नाही, नुसतं डिझेल. मोठ्यातून हवी तेवढी हवा मिळेल, पण इंजिन जोरात पळायला लागल्यावर. ओझं घेऊन निघताना नाही."

"बघू ना काका," अमित म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी.

जुन्या मापाचं कवच मिळायला आठवडा लागणार होता. दुसरा पिकअप कुणाकडे नव्हता. म्हणून शनिवारी मोरेश्वर स्वतःच अमितशेजारी बसले. मागे रत्ना, मांडीवर नऊवारीची पिशवी, ओठांवर संवाद.

हायवेच्या रँपवर अमितने सवयीने गिअर वर टाकला. इंजिन घुसमटलं, मागे काळ्या धुराचा पडदा उभा राहिला. वेग चाळीस मैलांच्या वर जाईना. रँप संपत आली होती आणि डाव्या लेनमधून अठरा चाकांचा ट्रक भोंगा वाजवत येत होता. रत्नाचे संवाद थांबले.

"तिसरा टाक!"

"काका, इंजिन फाटेल! मायलेज..."

"मायलेज गेलं खड्ड्यात! खालचा गिअर, आणि ओरडू दे त्याला!"

अमितने तिसरा टाकला. इंजिन किंचाळलं, फेऱ्यांचा काटा वर चढला, आणि मग कुठूनशी एक बारीक शीळ उठली. चाक जागं झालं होतं. पिकअपने ट्रेलरसकट उडी घेतली. मोठा ट्रक मागे पडला.

"डॅलसपर्यंत काटा दोन हजारांच्या खाली आणायचा नाही," मोरेश्वर म्हणाले. "चढ आला की आधीच गिअर उतरवायचा. रत्ना दोनला मेकअपला बसली पाहिजे."

अमित हसत होता. स्टिअरिंगवर थाप मारत तो म्हणाला, "पाहिलंत ना काका, मोठा टर्बो कसा खेचतो ते! तुम्ही उगाच घाबरवत होता."

मोरेश्वरांनी तोंड उघडलं. अंगठा, पाइप, धूर, सगळं पुन्हा जिभेवर आलं. तेवढ्यात मागून रत्नाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता त्याला काही समजावू नका. तो ऐकायला लागला की सवयीने गिअर वर टाकेल."

मोरेश्वरांनी काट्यावर नजर ठेवली. मागे रत्नाने पहिल्या अंकापासून सुरुवात केली.